शनिवार न चुकवलेलं केंद्र

१९६० च्या मे महिन्यात शिकागोच्या डब्ल्यूएलएस या रेडिओ केंद्रानं कूस बदलली. छत्तीस वर्षं शनिवारी रात्री 'नॅशनल बार्न डान्स' नावाची खेडवळ गाण्याबजावण्याची बैठक या केंद्रावरून ऐकू यायची. नवे मालक आले, त्यांनी हिशेब मांडला आणि बैठक मोडली. त्या जागी तरुण पोरांचं रॉक अँड रोल वाजू लागलं. धंदा म्हणून निर्णय अजिबात चुकीचा नव्हता, पुढे पॉप संगीताचं केंद्र म्हणून डब्ल्यूएलएसनं मोठं नाव कमावलं. त्याच वर्षी श्रीव्हपोर्टच्या 'लुइझियाना हेराइड' या तशाच रेडिओ कार्यक्रमानंही आपली दर आठवड्याची मैफल आवरती घेतली.

टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिलच्या डब्ल्यूएसएम केंद्रावरचा 'ग्रँड ओल ऑप्री' हा शनिवार रात्रीचा तसाच कार्यक्रम मात्र चालूच राहिला. ३० ऑक्टोबर २०२१ ला त्याचं शनिवारचं ५००० वं प्रक्षेपण झालं आणि २०२५ मध्ये केंद्राला शंभर वर्षं झाली. मौज अशी की नॅशव्हिलची बैठक ज्यानं मांडली तो निवेदक शिकागोच्या बैठकीवरूनच आलेला होता. म्हणजे वाण एकच, पेरणारा हातही तोच. एक रोप छत्तिसाव्या वर्षी वाळलं, दुसरं शंभरी ओलांडून उभं आहे.

का, असं विचारलं तर बहुतेक जण कंट्री, म्हणजे या खेडवळ वळणाच्या, संगीतावरच्या प्रेमाकडे बोट दाखवतात. मला ते पटत नाही. या केंद्राच्या मालकांना त्या संगीताचं फार प्रेम नव्हतं, आणि गावातल्या प्रतिष्ठितांना तर त्याची लाजच वाटायची. मला दिसतं ते असं, की डब्ल्यूएसएमला फक्त रेडिओवर पोट भरायची वेळ कधी आलीच नाही. मालक बदलले, पण प्रत्येकाकडे विकायला दुसरं काहीतरी होतं, आणि ते विकण्यासाठी त्याला शनिवारची रात्र लागायची.

पिग्मी एजंट आणि रेडिओ

नॅशनल लाइफ अँड ॲक्सिडेंट इन्शुरन्स कंपनी ही नॅशव्हिलची विमा कंपनी. बड्या लोकांचे मोठे विमे हा तिचा धंदा नव्हता. तिचा माणूस कामगारांच्या वस्तीत दर आठवड्याला घरोघर फिरायचा, दारातच काही सेंटचा हप्ता घ्यायचा, वहीत टिपायचा आणि पुढच्या दाराकडे वळायचा. आपल्याकडे पतपेढीचा पिग्मी एजंट दुकानादुकानांतून फिरतो, तसंच काहीसं. या धंद्यात सगळा खेळ दार उघडण्यावर असतो. बाईनं खिडकीतूनच 'आज नाही' म्हटलं की हप्ता बुडाला.

कंपनीच्या मालकांपैकी एकाचा मुलगा, एडविन क्रेग, रेडिओच्या नादी लागलेला होता. त्यानं वडीलधाऱ्यांच्या गळी ही कल्पना उतरवली आणि ५ ऑक्टोबर १९२५ ला कंपनीच्याच इमारतीतून एक हजार वॉटचं केंद्र सुरू झालं. डब्ल्यू, एस, एम ही तीन अक्षरं म्हणजे कंपनीचं घोषवाक्य, 'वुई शील्ड मिलियन्स'. लाखोंना आमचं कवच. केंद्राचं नाव घेतलं की विम्याची जाहिरात आपोआप व्हायची.

जाहिरातींतून केंद्र किती कमावतं, हा प्रश्न त्यामुळे सुरुवातीची काही वर्षं फारसा आलाच नाही. एजंटची किती दारं उघडतात, हे महत्त्वाचं होतं. आणि दारं उघडत होती. दारात उभा असलेला माणूस ऑप्रीवाल्या कंपनीचा आहे म्हटल्यावर त्याला आत बोलावून खुर्ची मिळायची. १९३४ मध्ये कार्यक्रम हिल्सबरो थिएटरात गेला तेव्हा त्याची फुकट तिकिटं वाटण्याचं काम या एजंटांकडेच होतं. तिकीट हवं तर विमेवाल्याशी गोडीनं राहा. विपणनाच्या वर्गात हे उदाहरण का शिकवत नाहीत, मला कोडंच आहे.

डब्ल्यूएलएसची कथा याच्याशेजारी ठेवून बघा. ते केंद्र मुळात सीअर्स रोबक या टपालानं माल विकणाऱ्या पेढीचं. अक्षरंही 'वर्ल्ड्स लार्जेस्ट स्टोअर'ची. १९२८ मध्ये ते 'प्रेअरी फार्मर' या शेतकऱ्यांच्या नियतकालिकाकडे गेलं. गिऱ्हाईक शेतकरी होतं तोवर शेतकऱ्याचं गाणं टिकलं. मग केंद्र एबीसी या प्रसारण कंपनीच्या ताब्यात गेलं. तिला फक्त रेडिओच चालवायचा होता, आणि मग शनिवारच्या बैठकीला स्वतःचं भाडं स्वतः भरायची वेळ आली.

जज्जसाहेब

शिकागोहून आलेल्या त्या निवेदकाचं नाव जॉर्ज डी. हे. त्यांच्या आडनावाचा मराठी वाक्यात फार घोळ होतो, तेव्हा त्यांच्या टोपणनावानंच पुढे जाऊ. 'सॉलेम ओल्ड जज', म्हणजे आपले जज्जसाहेब. न्यायाधीश ते कधीच नव्हते, मेम्फिसमध्ये वार्ताहर होते, आणि नॅशव्हिलला आले तेव्हा वय अवघं तीस. म्हातारपण फक्त आवाजात होतं. सोबत आगबोटीसारखी वाजणारी एक लाकडी शिट्टी असायची.

२८ नोव्हेंबर १९२५ च्या शनिवारी त्यांनी अंकल जिमी थॉम्पसन नावाच्या ७७ वर्षांच्या म्हाताऱ्याला मायक्रोफोनपुढे बसवलं. म्हातारा तासभर फिडल, म्हणजे गावरान ढंगाचं व्हायोलिन, वाजवत राहिला, भाचीनं पियानोवर साथ केली. थकलात का, असं विचारल्यावर त्यानं वर ऐकवलं की तासाभरात कुठे हात गरम होतो! आपल्याला हजारभर चाली येतात, असा त्याचा दावा होता. केंद्राकडे तारा आणि पत्रं येऊ लागली, आणि महिनाभरात शनिवारची वेळ पक्की झाली.

गावातल्या बड्यांना हे रुचणं शक्यच नव्हतं. नॅशव्हिल स्वतःला 'दक्षिणेचं अथेन्स' म्हणवून घेणारं शहर. तिथल्या बागेत ग्रीसच्या पार्थेनॉनची हुबेहूब, पूर्ण आकाराची प्रतिकृती उभी आहे. अशा गावाची ओळख फिडल आणि बँजोनं व्हावी? पुण्याच्या एखाद्या नामांकित गायनसभेत ढोलकीचा फड उभा राहिला असता तर पहिल्या रांगेतल्या मंडळींचे चेहरे जसे झाले असते, तसाच हा प्रकार.

जज्जसाहेबांनी ही टोचणीच भांडवल केली. १९२७ मध्ये एका शनिवारी त्यांच्या आधी वॉल्टर डॅमरॉश या वाद्यवृंद-संचालकांचा अभिजात संगीताचा कार्यक्रम होता. त्यात रेल्वे इंजिनाची नक्कल करणारी एक वाद्यवृंदाची रचना वाजली. ते संपल्यावर जज्जसाहेबांनी डीफोर्ड बेली या हार्मोनिकावादकाला पुढे केलं. बेलीनं तोंडातल्या बाजावर पॅन अमेरिकन रेल्वेगाडी अशी धावती केली की खऱ्या इंजिनानं मान खाली घालावी. मग जज्जसाहेब म्हणाले, आतापर्यंत आपण ग्रँड ऑपेरा ऐकत होतो, आता ऐकूया 'ग्रँड ओल ऑप्री'. 'ऑप्री' हा ऑपेराचाच गावठी उच्चार. टोमणा मारायला काढलेला शब्द नाव म्हणून चिकटला तो कायमचा.

हे गावरानपणही पुष्कळसं घडवलेलं होतं, तेही सांगायला हवं. सुरुवातीच्या वाद्यमेळांतले एक प्रमुख, हम्फ्री बेट, पेशानं डॉक्टर. कोट-टाय घालून वाजवायला यायचे. जज्जसाहेबांनी या मंडळींना शेतातले कपडे चढवले, मेळांना 'पॉसम हंटर्स', 'फ्रूट जार ड्रिंकर्स' अशी नावं दिली. जमिनीला धरून राहा, असं ते सारखं बजावायचे. रेडिओवर कपडे दिसत नाहीत, पण छायाचित्रात दिसतात आणि थिएटरात दिसतात, हे त्यांना वार्ताहर असल्यामुळे बरोबर कळत होतं.

मनोरा

सगळं श्रेय माणसांना देऊन चालणार नाही. १९३२ मध्ये डब्ल्यूएसएमला ५०,००० वॉटची परवानगी होती आणि ६५० किलोहर्ट्झ ही वारंवारता रात्री देशभरात जवळजवळ एकट्याची होती. नॅशव्हिलजवळच्या ब्रेंटवुडला ८७८ फुटांचा मनोरा उभा राहिला. मधोमध रुंद, वर आणि खाली निमुळता, पतंगासारखा चौकटीचा आकार. त्या वेळी उत्तर अमेरिकेत याहून उंच रेडिओ मनोरा नव्हता.

मीडियम वेव्हवर ज्यानं रात्री काटा फिरवलाय त्याला हे वेगळं समजवायला नको. दिवसा जिल्ह्याबाहेर न जाणारं केंद्र अंधार पडला की भलतीकडे ऐकू येतं, कारण लहरी वातावरणाच्या वरच्या थरावरून परतून दूरवर उतरतात. डब्ल्यूएसएम दिवसा टेनेसी आणि आसपासचं, रात्री तीसेक राज्यांचं. आणि शनिवारचा कार्यक्रम रात्रीचा. सकाळी अकराला ठेवला असता तर मी हा लेख लिहायला बसलो नसतो.

मनोरा जरा जास्तच उंच झाला, ही त्यातली गंमत. जमिनीवरून जाणारी लहर आणि आकाशातून परतणारी लहर काही अंतरावर एकमेकींना खाऊन टाकत होत्या. १९३९ मध्ये तो कापून ८०८ फुटांवर आणला. आजही तेवढाच आहे, आणि २०११ पासून राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या यादीत आहे. १९३३ पासून काही वर्षं जवळून जाणाऱ्या खऱ्या पॅन अमेरिकन गाडीची शिट्टी रोज या केंद्रावरून प्रसारित व्हायची. ज्या गाडीची नक्कल करून बेलीनं नाव मिळवलं, ती गाडी स्वतःच कलाकार झाली.

कलाकार थांबतात का?

'लुइझियाना हेराइड'ला 'ताऱ्यांचा पाळणा' म्हणायचे, कारण तिथे तारे जन्मायचे आणि मोठे झाले की उडून जायचे. त्यांतले कितीतरी नॅशव्हिलला उतरायचे. हँक विल्यम्स त्यांतलाच, ११ जून १९४९ ला तो ऑप्रीच्या मंचावर पहिल्यांदा उभा राहिला. तीन वर्षांनी दारू आणि गैरहजेरीपायी ऑप्रीनं त्याला काढूनही टाकलं. सर्वांत मोठा गायक गेला तरी पुढच्या शनिवारी पडदा वर गेला. यातून केंद्राची मांडणी कळते. कार्यक्रम कोणा एकाचा नव्हता. अर्ध्या-पाव तासाचे तुकडे, प्रत्येक तुकड्याला वेगळा प्रायोजक, प्रत्येकात तीन-चार कलाकार. १९४८ पासून मार्था व्हाइट ही पिठाची कंपनी त्यात होती. लग्नाच्या पंगतीसारखं आहे हे. एक वाढपी आला नाही म्हणून पंगत उठत नाही.

मंचावरचं मानधन किरकोळ असे. तरी कलाकार येत, कारण 'ऑप्रीचा सदस्य' हा शिक्का आठवड्याच्या इतर दिवशी गावोगावच्या खेळांत पैसे मिळवून देई. केंद्रानं १९३४ पासून कलाकारांचे दौरे ठरवणारं स्वतःचं कार्यालय चालवलं आणि त्यात दलाली घेतली. पण शनिवार हा दौऱ्यांतला सर्वांत कमाईचा दिवस, आणि तोच ऑप्रीला हवा. एके काळी सदस्याला वर्षात २६ हजेऱ्या सक्तीच्या होत्या. १९६४ च्या डिसेंबरात त्या न भरणाऱ्या डझनभरांचं सदस्यत्व काढून घेतलं. हा नियम जाचक होता यात शंका नाही. पण दर शनिवारी मंच भरलेला राही तो त्याच्याच जोरावर.

उलट एका बाबतीत केंद्रानं हातचं घालवलं. केंद्राच्या तीन अभियंत्यांनी फावल्या वेळात रेकॉर्डिंगचा स्टुडिओ काढला. केंद्राचे संगीत दिग्दर्शक ओवेन ब्रॅडली यांनी सोळाव्या अव्हेन्यूवर स्वतःचा स्टुडिओ थाटला, तिथे पुढे स्टुडिओ आणि संगीत कंपन्यांची अख्खी 'म्युझिक रो' वसली. गाण्यांचे हक्क विकत घेणाऱ्या पेढ्याही केंद्राच्या सावलीत उभ्या राहिल्या. १९५५ च्या आसपास व्यवस्थापनानं नोकरांना सुनावलं, इथली नोकरी करा नाहीतर बाहेरचा धंदा. बरेच जण धंद्याकडे गेले. पुढे त्यातून जो पैसा उभा राहिला त्यापुढे रेडिओची कमाई म्हणजे चिल्लर.

चूक की बरोबर? मी यावर बराच विचार केला. पैशाच्या हिशेबात चूकच. पण ही माणसं नोकरी सोडून गेली तरी गाव सोडून गेली नाहीत. १९५० मध्ये डब्ल्यूएसएमचेच निवेदक डेव्हिड कॉब बोलता बोलता नॅशव्हिलला 'म्युझिक सिटी यूएसए' म्हणून गेले होते. केंद्रानं तो सगळा उद्योग आपल्या छपराखाली कोंडला असता तर बहुधा हे नाव हवेतच विरलं असतं. कलाकार, स्टुडिओ, प्रकाशक सगळे दोन मैलांच्या आत असल्यावर शनिवारी मंचावर उभं राहायला माणसं मिळत राहिली.

दिवसा कोण, रात्री कोण

आता जे सांगतो ते मला स्वतःलाही उशिरा कळलं आणि सगळं प्रकरण उलटं फिरलं. ज्याला जगभर कंट्री संगीताचं मंदिर म्हणतात, ते केंद्र पहिली पन्नास-पंचावन्न वर्षं पूर्णवेळ कंट्रीचं नव्हतंच. दिवसा वाद्यवृंद, नाचाची गाणी, हलकं पॉप. विमा कंपनीच्या साहेबांना घरी बसून ऐकता येईल असं काहीतरी. कंट्री आठवड्याच्या अखेरीला आणि पहाटे. १९५७ पासून राल्फ एमरी हे निवेदक रात्रभर कंट्री वाजवू लागले, आणि ट्रकवाल्यांनी ते कार्यक्रम डोक्यावर घेतले. बहात्तर साली एमरी केंद्र सोडून गेले. चोवीस तास कंट्री हा निर्णय व्हायला सत्तरचं दशक संपावं लागलं.

म्हणजे ज्या गुणाचं कौतुक होतं, ती निष्ठा, ती या केंद्राला फार उशिरा आली. आधी होती ती सवय. मला वाटतं निष्ठेपेक्षा सवय चिवट असते. निष्ठावान माणूस रुसून निघून जाऊ शकतो.

निष्ठेच्या या कौतुकात बेलीला विसरून चालणार नाही. ज्याच्या बाजावर ऑप्रीचं नाव उच्चारलं गेलं तो काळा होता. वर्णभेदाच्या त्या दिवसांत दौऱ्यावर त्याला सहकाऱ्यांच्या हॉटेलात जागा मिळत नसे. १९४१ मध्ये गाण्यांच्या हक्कांवरून रेडिओ केंद्रांचं रचनाकारांच्या संस्थेशी भांडण पेटलं, बेलीच्या ठरलेल्या चाली वाजवणं अडचणीचं झालं, आणि त्याला काढलं. तो नॅशव्हिलमध्येच बूटपॉलिशचं दुकान चालवत राहिला. जज्जसाहेबांनी नंतर छापील पुस्तिकेत त्याला आळशी म्हटलं. कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेमनं त्याचं नाव घेतलं २००५ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर तेवीस वर्षांनी.

विम्याकडून हॉटेलाकडे

१९४३ पासून ऑप्री रायमन ऑडिटोरियममध्ये होता. जुनं प्रार्थनामंदिर, बाकं लाकडी, उन्हाळ्यात भट्टी. सत्तरच्या दशकात डब्ल्यूएसएमचे अध्यक्ष अर्व्हिंग वॉ यांच्या कल्पनेतून शहराबाहेर नदीकाठी 'ऑप्रीलँड' हे मनोरंजन उद्यान आणि १६ मार्च १९७४ ला नवं ऑप्री हाउस उभं राहिलं. उद्घाटनाला राष्ट्राध्यक्ष निक्सन आले आणि त्यांनी पियानो वाजवला. नव्या मंचाच्या मधोमध रायमनच्या जुन्या लाकडाचं सहा फुटांचं वर्तुळ बसवलं.

इथेच चाक फिरलं. विमा कंपनीनं रेडिओसाठी मंच बांधला होता, आता मंचासाठी हॉटेल झालं. १९८२ मध्ये टेक्सासच्या अमेरिकन जनरलनं विमा कंपनी गिळली. तिला रेडिओ नको होता. पुढच्याच वर्षी ओक्लाहोमाच्या गेलॉर्ड कंपनीनं हॉटेल, उद्यान, ऑप्री आणि केंद्र एकत्र उचललं. हप्त्याची वही गेली, खोल्यांचं बुकिंग आलं. शनिवारची रात्र पुन्हा उपयोगी, कारण ऑप्री ऐकायला येणारा माणूस मुक्कामाला राहतो.

खरी परीक्षा २००२ च्या सुरुवातीला झाली. ५०,००० वॉटवर गप्पा आणि खेळांचं समालोचन केलं तर जास्त पैसे मिळतील, अशी चाचपणी मालकांनी सुरू केली. हिशेब डब्ल्यूएलएसचाच, चाळीस वर्षांनंतरचा. बातमी फुटली, चाहत्यांनी निदर्शनं केली, कलावंत बोलले, आणि बेत गुंडाळला गेला. लोक याला चाहत्यांचा विजय म्हणतात. मी अर्धाच म्हणेन. हॉटेलवाल्याला चाहता दुखावून परवडत नाही. निव्वळ रेडिओवाल्यानं निदर्शनांकडे खिडकीतून बघितलं असतं. वर्षभरानं गेलॉर्डनं स्वच्छ आवाजाचं एफएम केंद्र विकलं आणि खरखरणारं एएम ठेवलं. दुसरा कोणीही उलटं करता. पुढे २०१२ मध्ये कंपनीनं स्वतःचं नावही बदललं. ते घेतलं त्या जुन्या प्रार्थनामंदिराचं, रायमन हॉस्पिटॅलिटी.

मे २०१० मध्ये कंबरलँड नदीला पूर आला. हॉटेल रिकामं करावं लागलं, तिथला डब्ल्यूएसएमचा स्टुडिओ बंद पडला, ऑप्री हाउसच्या मंचावर चार फुटांच्या आसपास पाणी चढलं. सहा फुटांचं ते वर्तुळ बुडालं. केंद्राची माणसं ब्रेंटवुडला गेली, मनोऱ्याच्या पायथ्याशी असलेल्या जुन्या प्रक्षेपण इमारतीत, आणि तिथून बोलत राहिली. मंगळवारचा कार्यक्रम वॉर मेमोरियल ऑडिटोरियममध्ये झाला. १९३९ मध्ये पंचवीस सेंटचं तिकीट लावून ऑप्री जिथे भरायचा तेच सभागृह. शनिवारी लोक रायमनच्या बाकांवर बसले होते. वर्तुळ वाळवून, घासूनपुसून ऑगस्टमध्ये पुन्हा जागेवर आलं, आणि २८ सप्टेंबरला ऑप्री हाउसचा पडदा पुन्हा वर गेला.